पट्ट्यांचे मामा आणि आमची कात्री

मामांची आणि माझी ओळख त्यांनी माझा पदर कापला तेव्हा झाली.

त्या दिवशी आमच्या बचत गटाच्या मळणी यंत्राचं उद्घाटन होतं. आमचं गाव आखाडा बाळापूरहून आत, पाच-सहा किलोमीटरवर. गावात ट्रॅक्टर चार, पण मळणी यंत्र एकही नाही. सोयाबीन निघालं की बाहेरगावच्या यंत्राची वाट बघत बसायचं, आणि ते यायचं तेव्हा नेमकं आभाळ भरून यायचं. म्हणून आम्ही अकरा बायांनी मिळून यंत्र आणलं. गटाची सचिव मी, कारण बारावी झालेली मी एकटीच आणि माझं अक्षर बरं. अध्यक्ष वच्छलाबाई. वयानं मोठ्या, देवभोळ्या, आणि आवाज असा की शेतात बोलल्या तर गावात ऐकू यावं. आम्ही मंडप घातला, पाहुणे म्हणून एक पुढारी बोलावले, यंत्राच्या पट्ट्यालाच लाल फीत बांधली आणि ताटात नवी कोरी कात्री ठेवली. मी लग्नातली मोरपंखी साडी नेसले होते.

यंत्र ज्याच्याकडून घेतलं त्यानं सांगितलं होतं, की पट्टे बघायला बाळापूरचे मामा येतील, ते म्हणतील तसं ऐका. मामा मोपेडवर आले. साठीच्या पुढचे, अंगानं काटकुळे. अंगात घट्ट बंडी, पँटच्या पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे. डोक्यावर टोपी नाही, गळ्यात उपरणं नाही, मनगटावर घड्याळ नाही. कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ ताटापाशी आले, कात्री उचलली आणि यंत्राला टेकून उभ्या असलेल्या माझ्या पदराचं लोंबतं टोक कचकन कापलं. मी किंचाळेपर्यंत ते पाहुण्यांच्या शालीकडे वळले होते. शालीचे गोंडे गेले. मग फीत गेली. पाहुणे हात पुढे करून उभे, फोटोवाला डोळा मिटून उभा, आणि कापायला काही उरलंच नाही. शेवटी कुणीतरी घाईघाईनं पाहुण्यांच्या हातात नारळ दिला.

मी रडायच्या बेतात आले होते. "लग्नातली साडी हाय माझी!"

"पदर कापला तर शिवता येतो, सेक्रेटरीबाई," मामा म्हणाले आणि कात्री बंडीच्या खिशात टाकली.

ती कात्री आमची होती. ती परत मिळवायला मला सहा वर्षं लागली.

मामांचं दुकान बाळापूरच्या रस्त्यावर होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात आणि भिंतीला गुलाबी रंग दिलाय. तेव्हा त्या भिंतीवर खिळे होते, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक मेलेला पट्टा. कुणाच्या मळणी यंत्राचा, कुणाच्या पिठाच्या गिरणीचा, कुणाच्या हळद पॉलिश करायच्या ड्रमचा. खाली खडूनं गावाचं नाव आणि मरणाचं कारण. 'उंदीर.' 'ऊन.' 'अति ताण.' 'घाई.' एकाखाली नुसतं 'जावई' लिहिलं होतं. लोक त्या भिंतीला मयताची भिंत म्हणायचे. बाजाराला आलेला माणूस आधी भिंत वाचायचा आणि मग भाजी घ्यायचा. भिंतीवर आपल्या गावाचं नाव दिसू नये म्हणून भले भले शेतकरी पट्टे जिवाला जपायचे. सगळ्या तालुक्यात पोलिसांचा एवढा धाक नसेल.

जुना पट्टा दाखवल्याशिवाय मामा नवा विकत नसत. गिऱ्हाइकानं नुसता नंबर सांगितला तर म्हणायचे, "मयत न बघता मी दाखला देत न्हाई." जुना पट्टा हातात आला की ते तो उलटा करून वाकवायचे, आतल्या भेगा बघायचे, कडा चोळायचे, वास घ्यायचे. मग मालकाकडे असं बघायचे की तो आपसूक हात जोडायचा. नरसीकडचे दोन भाऊ एकदा पट्टा घेऊन आले. पट्टा एकाच बाजूनं खाल्लेला.

मामांनी विचारलं, "मोटर कोण घट्ट करतं?"

"मी," थोरला म्हणाला. "मी," धाकटाही म्हणाला.

"तेच. हा डावीकडचा बोल्ट पिळून राहिला आन् तू उजवीकडचा. मोटर बिचारी वाकडी बसली. आधी घरात एका जागी बसून चहा प्या, मंग पट्टा न्या."

भावांनी तिथंच चहा प्याला म्हणतात. भिंतीवर मात्र 'नरसी, दोन भाऊ' लिहिलं गेलंच.

कधी कधी मामा विकतच नसत. "पट्टा चांगला हाय. मालक बदला," एवढं सांगून परत पाठवायचे. अशानं दुकान कसं चालायचं? मामींमुळे चालायचं. मामा पुढच्या दारानं ज्याला हाकलून द्यायचे त्याला मामी मागच्या दारानं पट्टा द्यायच्या, वर सांगायच्या, "भिंतीवर यायचं नसंल तर बराबर लावा." मामांना हे माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मागच्या दाराची कडी मात्र तेच तेल घालून ठेवायचे.

आम्हाला शिकवायला मामा तीन दिवस आमच्या गावात आले. पहिला दिवस सगळा चावीत गेला. यंत्र चालायचं ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टर होता उत्तमरावांचा. जो पट्ट्याला हात लावील त्याच्या कमरेला ट्रॅक्टरची चावी पाहिजे, हा मामांचा पहिला नियम. "दुसऱ्याच्या हातात चावी आन् आपला हात पट्ट्यात, असं न्हाई चालत." उत्तमराव गावातले मोठे शेतकरी. त्यांनी ट्रॅक्टरची चावी स्वतःच्या बायकोलाही कधी दिली नव्हती. ते हसले आणि म्हणाले, "मी हाय की उभा." मामांनी त्या दिवशी शिकवलंच नाही. ट्रॅक्टरच्या सावलीत डोळे मिटून बसले आणि संध्याकाळी मोपेडवर बसून गेले. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच कुणाचा तरी जुना ट्रॅक्टर घेऊन आले, मालकाला मागं बसवून.

मग अंगठा. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबायचा. बोटाच्या जाडीएवढा खाली गेला तर बरोबर. जास्त गेला तर ढिला, नाही गेला तर जास्त ओढलेला. आमच्या गटातल्या निम्म्या बाया सही म्हणून अंगठाच उठवायच्या. "मंग तुमाला सराव हाय," मामा गंभीरपणे म्हणाले. मग सुतळी. दोन पुल्या एका रेषेत आहेत का बघायला त्यांच्या तोंडावरून सुतळी ताणून धरायची, ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. मग कान. ढिला पट्टा सुरू होताना रडतो, वाकडा पट्टा चिमणीसारखा चिवचिवतो. "पट्टा आधी सांगून राहतो, बायांनो. माणूस तुटल्यावर ऐकतो."

आमच्या यंत्राच्या ड्रमला तीन पट्टे शेजारी शेजारी. त्यातला एक गेला तर तिन्ही बदलायचे, असं मामा म्हणाले तेव्हा बायांत कुजबुज झाली. दोन धडधाकट असताना फेकायचे काहून?

"जुने दोन ढिले पडलेले असतात," मामा म्हणाले. "मधे एक नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर. जुने नुसते फिरून राहतात, काम नवाच करतो. महिन्यात मरतो."

मग मागून आमच्यातली एक म्हणाली, "नव्या सुनेवानी." बाया अशा हसल्या की मामा दचकले. तो नियम आम्हाला पुन्हा कधी समजावून सांगावा लागला नाही. सासवा तेवढ्या जरा गप्प होत्या.

आता उत्तमरावांचं सांगते. उद्घाटनाच्या आधीच ते चारचौघांत म्हणाले होते, "हे बायांचं काम न्हाई. मशीन बंद पडलं म्हंजे आमच्याच दारात येतील." त्यावर वच्छलाबाई तावातावानं उठल्या आणि पारावर सगळ्यांदेखत शब्द देऊन बसल्या, की पहिल्या हंगामात यंत्र एक दिवस जरी बंद राहिलं तर उत्तमरावांनी ते चालवायला घेऊन जावं. शब्द देताना त्यांनी आम्हाला विचारलंही नाही. उत्तमराव म्हणाले, "लिहून घेऊ का?" वच्छलाबाई म्हणाल्या, "आमच्या तोंडाला काय झालं?" झालं. अकरा बायांचं यंत्र एका बाईच्या तोंडावर टांगलं गेलं, आणि हंगामभर मला झोपेतही पट्टे रडताना ऐकू यायचे.

हंगाम सुरू झाला. यंत्र चांगलं चाललं. रोज सकाळी चावी कमरेला, अंगठा, सुतळी, मगच काम. उत्तमरावांचा ट्रॅक्टर असला की चावीवरून रोज घासाघीस व्हायची आणि ते उतरून स्वतःच्या मुठीत चावी धरून उभे राहायचे. मामांना हे कळलं असतं तर त्यांनी उत्तमरावांची मिशीसुद्धा कापली असती, म्हणून आम्ही सांगितलं नाही.

मग आली खंडेनवमी. घरोघर अवजारांची पूजा, कोयत्या-विळ्याला हळदकुंकू, ट्रॅक्टरला हार. यंत्राची पूजा वच्छलाबाईंनी केली. मी नव्हते, माझ्या लेकराला ताप होता. दसऱ्याच्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र नेमकं उत्तमरावांच्याच शेतात लागलं. सोयाबीनची मोठी गंजी, पश्चिमेकडून आभाळ काळं, आणि गावातली पाच-दहा माणसं काही काम नसताना बांधावर बसलेली. कशाला बसलीत ते सगळ्यांना माहीत होतं.

पाटी-दोन पाट्या गेल्या असतील नसतील, ड्रम मंदावला. तिन्ही पट्टे रडायला लागले. मग जळक्या रबराचा वास आला आणि यंत्र गपगार.

"पडलं का बंद?" उत्तमराव ट्रॅक्टरवरून म्हणाले. ते त्या वेळी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. "तुमच्या मशीनपायी माझा ट्रॅक्टर तापून राहिला, वहिनी. सकाळपासून तिसरी घागर हाय ही."

मी मामांना फोन लावला. मामा व्हिडिओ कॉल घेत नसत. "डोळा फसतो, कान न्हाई फसत" म्हणायचे. "सुरू करा आन् फोन मशीनपाशी धरा," ते म्हणाले. मी लांबूनच हात पुढे करून फोन धरला. उत्तमरावांनी क्षणभर यंत्र फिरवलं, पट्टे पुन्हा किंचाळले.

"तेल," मामा म्हणाले.

मी वच्छलाबाईंकडे बघितलं. त्या आभाळाकडे बघत होत्या. मला एकदम सगळं उमगलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला तेल-हळद चोळतो, वर्षभर ओझं ओढलं म्हणून. यंत्राचं ओझं ओढतं कोण? पट्टा. वच्छलाबाईंनी मोठ्या मायेनं तिन्ही पट्ट्यांची खांदेमळणी केली होती. वाटीभर गोडं तेल आणि वर शेंदूर. उत्तमराव कान देऊन उभे होते.

"न्हाई मामा, तेल कुठलं," मी म्हणाले.

फोनवर बराच वेळ नुसती मोपेड ऐकू आली. म्हणजे ते निघालेसुद्धा होते.

"सेक्रेटरीबाई, तुमाला खोटं बोलता येतं. पट्ट्याला न्हाई येत. कपडे कशानं धुता?"

"साबणाच्या पावडरीनं."

"मंग धुवा. कोमट पाणी. पुल्याबी पुसा. डिझेल न्हाई, पेट्रोल न्हाई, राळ न्हाई. कुणी काहीबी सांगंल." आणि फोन बंद.

मी वळले तर उत्तमराव डिझेलची बाटली घेऊन हजर. "ह्यानं पुसा, एका मिनटात साफ."

"नको भाऊजी. चावी द्या."

"कशाला?"

"पट्टे काढायचे हायेत. चावी माझ्या कमरेला पाहिजे."

बांधावरची माणसं हसली. उत्तमराव हसले नाहीत. मी हात पुढे करून उभी राहिले. ते यंत्र गेलं असतं तर मी पुन्हा घर आणि वावर, वावर आणि घर एवढीच उरले असते. सेक्रेटरीबाई म्हणून हाक मारायलाही कुणी उरलं नसतं. तेवढ्यात आभाळ गडगडलं. उत्तमरावांनी आपल्या गंजीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि चावी माझ्या हातावर आपटली. मी ती कमरेला खोचली.

मग बायांना काही सांगावं लागलं नाही. चहाच्या पातेल्यात पाणी तापलं, शेतातल्या घरून साबणाची पावडर आली. पट्टा ताणून धरणारी ताणपुली ढिली करून पट्टे हातानं उतरवले, पाचर घालून उचकटले नाहीत. विहिरीजवळच्या हौदावर बाया बसल्या आणि त्यांनी ते पट्टे नवऱ्यांचे सदरे धुवावेत तसे धुतले. आपटले मात्र नाहीत, एवढं मामांचं ऐकलं. वच्छलाबाई डोळे पुसत पुल्यांच्या खोबणी पुसत होत्या. पट्टे कोरडे केले, चढवले, सुतळी लावली, अंगठ्यानं दाबले. एक बोट. मी चावी फिरवली. उत्तमरावांना नाही दिली, मीच फिरवली. यंत्र घुमायला लागलं आणि पट्ट्यांचा आवाज आला नाही. पट्टा बरोबर असला की ऐकूच येत नाही.

मामा पोहोचले तेव्हा दाणे पडायला लागले होते. उत्तमराव तेवढ्यावर सोडणार नव्हते. बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, तुमी खोटं बोलत न्हाई म्हणतात. सांगा सगळ्यांदेखत. बायांनी काय करून ठेवलं व्हतं?"

मामा खोटं बोलत नसत हे खरंच होतं. त्यांनी हात वर करून यंत्र बंद करायला सांगितलं. मी बंद केलं.

"चावी कुणाकडं?"

"माझ्या कमरेला."

मामा आमच्या यंत्राकडे गेलेच नाहीत. ते ट्रॅक्टरपाशी गेले, चाकाजवळची पाण्याची घागर बघितली, बोनेट उघडलं, इंजिनच्या पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला आणि अंगठा वर करून बांधाकडे धरला. अंगठा शेंदरी झाला होता.

"बायांनी पट्ट्याला तेल लावलं," मामा म्हणाले. "उत्तमराव, तुमीबी लावलं. परवा ट्रॅक्टरची पूजा तुमीच केली ना? पंखा फिरून न्हाई राहिला, म्हणून ट्रॅक्टर तापून राहिला. फरक एवढाच, बायांनी धुतलं. तुमी सकाळधरनं पाणी ओतून राहिले."

बांध हसून लोळला. वच्छलाबाईंना तेवढ्यात आवाज सापडला. "न्यायचंय का मशीन, भाऊ? न्या की. धुता येत असंल तर न्या." संध्याकाळच्या आत गंजी संपली, पाऊस नंतर आला. यंत्र आमच्याच दारात राहिलं. महिनाभरानं उत्तमरावांचा पंख्याचा पट्टा चिरला. भिंतीवर आमच्या गावाचं नाव लागलं आणि खाली कारण लिहिलं गेलं: 'भक्ती'. उत्तमराव वर्षभर बाजाराला दुसऱ्या रस्त्यानं गेले.

मला शिक्षा वेगळी झाली. फोनवर खोटं बोलले म्हणून मामांनी मला दुकानात बसवून मयताच्या भिंतीवरची सगळी गावं आणि कारणं वहीत उतरवून घ्यायला लावली. खडू पुसला जातो, तुमचं अक्षर बरं हाय, म्हणाले. ती वही अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या गावच्या गटांना मी पट्टे शिकवायला जाते तेव्हा तीच वाचून दाखवते. 'जावई'चं कारण लोक अजून विचारतात. मामांनी ते मला सांगितलं होतं, पण ते लिहिण्यासारखं नाही.

हल्ली मामा लेकाकडे पुण्याला असतात, पाचव्या मजल्यावर. तिथं पट्टे नाहीत म्हणून पहिला महिना आजारी पडले. मग त्यांना वरच्या घरातलं कपडे धुवायचं यंत्र ऐकू आलं. ते जिना चढून गेले, अनोळखी बाईला म्हणाले, "तुमचा पट्टा रडून राहिला," आणि तिनं दार लावून घेतलं. आठ दिवसांनी यंत्र बंद पडलं. आता त्या इमारतीत मिस्त्रीला बोलवायच्या आधी मामांना बोलावतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांचा मला फोन येतो. कशा आहात वगैरे काही नाही. "धरा मशीनपाशी," एवढंच. मी धरते. ते ऐकतात आणि काही न बोलता ठेवून देतात. काही बोलले नाहीत म्हणजे ठीक आहे.

शाबास हा शब्द मामांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. मलाही त्याची आशा नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. सहा हंगाम झाले आणि आमच्या तीनपैकी एका पट्ट्याची कड सुटली, तेव्हा मी तिन्ही घेऊन बाळापूरला गेले ती त्या आशेनंच. हिवाळा होता. मामा पुण्याला जायच्या आधीची ती शेवटची भेट, पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं. दुकान निम्मं रिकामं झालं होतं. खोकला होता म्हणून मामींनी त्यांच्या गळ्याला लांब मफलर गुंडाळला होता. गळ्यात काही असलेले मामा मी पहिल्यांदाच बघत होते.

"तिन्ही आणले?" त्यांनी विचारलं.

"एकट्या सुनेवर भार नको."

ते हसले नाहीत. एकेक पट्टा उलटा करून वाकवला, कडा चोळल्या, वास घेतला. मी भिंतीकडे बघत होते. एक खिळा रिकामा होता. मला वाटलं, आता आमचं नाव लागणार, आणि कारण काय असेल?

"सेक्रेटरीबाई, हे घरी न्या," मामा म्हणाले. "ही भिंत अवेळी गेलेल्यांची हाय. हे म्हातारपणानं गेले. ह्यांचं काय लिहिणार?"

डोळे भरून आले, ते लपवायला मी नेहमीचं विचारलं, "आन् आमची कात्री?"

सहा वर्षं मी ती मागत होते आणि सहा वर्षं ते म्हणत होते, काम झालं की देतो. या वेळी त्यांनी माझ्या पदराकडे बघितलं. तो कमरेला घट्ट खोचलेला होता. त्यांनी बंडीच्या खिशातून कात्री काढून माझ्या हातावर ठेवली, आणि कोपऱ्यात हवा भरायचा कंप्रेसर चालू होता तिकडे वळले. त्याच्या पट्ट्याचा आवाज त्यांना पटत नव्हता. त्यासाठी त्यांनी पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली होती. ते कान देऊन खाली वाकले आणि मफलरचं टोक गळ्यातून सुटून पट्ट्यावर लोंबायला लागलं. वीतभर अंतर असेल. त्यांना ते दिसलं नाही. खुद्द मामांना दिसलं नाही.

मी काही विचार केला नाही. दोन ढांगांत पुढे झाले आणि त्यांच्या हनुवटीखाली मफलर कचकन कापला.

कापलेला तुकडा खाली पडला. मामींनी आतून येऊन कंप्रेसर बंद केला आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मामा सरळ झाले. त्यांनी खालच्या तुकड्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कात्रीकडे बघितलं. मामींनी स्वतः विणलेला मफलर होता तो.

"सुई-दोरा आण गं," मामा मामींना म्हणाले. "शिवता येतो."